गोगलगाय आणि पोटात इंग्रजी

मराठी वर्तमानपत्रांत, सभासंमेलनांच्या वृत्तांतांत आणि शिकल्यासवरलेल्या घरांतील बोलण्यात अलीकडे एक प्राणी फार वेळा दृष्टीस पडू लागला आहे. रस्त्याचे काम ‘गोगलगायीच्या गतीने’ चालले आहे, खटला ‘गोगलगायीच्या गतीने’ सरकत आहे, कालव्याची खोदाई ‘गोगलगायीच्या गतीने’ पुढे जात आहे. सारांश, जी गोष्ट अगदी थांबलेली नाही पण थांबल्यातच जमा आहे, ती या गोगलगायीच्या पाठीवर बसवून दिलेली असते. प्राणी आपल्या मुलखातला असला तरी ही उपमा आपल्या मुलखातली नाही. मंद चालीला गोगलगायीची उपमा देण्याचा प्रघात इंग्रजांचा. शेक्सपिअरच्या नाटकांतही तो आढळतो. त्या भाषेत तो जुना आहे, घरचा आहे आणि शोभूनही दिसतो. आपण तो शब्दाला शब्द ठेवून उचलला, आणि उचलताना आपल्या घरात त्या जागी काय होते हे पाहण्याची तसदी घेतली नाही. या वाक्प्रचाराविरुद्ध आम्हांस फिर्याद गुदरायची आहे. एवढ्याशा जिवावर एवढा मोठा खटला कशाला, असे वाचकांस वाटेल. परंतु या खटल्यात खरे आरोपी गोगलगायीच्या आडून निसटणारी माणसे आहेत, हे पुढे दिसून येईल.

पहिले कलम अर्थाचे. मराठीत गोगलगाय आहे आणि तिच्यावर म्हणही आहे: ‘गोगलगाय आणि पोटात पाय’. ज्या घरात म्हातारी माणसे अजून बोलती आहेत त्या घरातील कोणत्याही मुलाला या म्हणीचा अर्थ विचारावा. वरून गरीब, नाकासमोर चालणारा, आणि आतून मात्र पक्का, अशा माणसाविषयी ती म्हण आहे. तिच्यात गतीचा संबंध नाही. मराठी माणसाने गोगलगायीकडे पाहिले तेव्हा त्याच्या मनात भरली ती तिची मंदता नव्हे, तर न दिसणारे पाय. शेतकऱ्याला विचारावे तर त्याच्या लेखी ती पिकाची वैरीण आहे. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे कुरतडून टाकली आणि कित्येकांना दुबार पेरणीची पाळी आली. ज्याचे उभे रान अशा रीतीने गेले त्याला जाऊन ‘अमुक काम गोगलगायीच्या गतीने चालले आहे’ असे सांगितले, तर काम हळू चालले आहे असे त्याने का समजावे? खाणारे खात आहेत असेच तो समजेल. आणि कित्येक कामांच्या बाबतीत त्याची ही समजूत चुकीची ठरेलच असे नाही!

येथे प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, भाषा वाहती असते. परके शब्द आणि परक्या कल्पना घेतल्यानेच ती वाढते. तुमचे हे सोवळे कालबाह्य आहे. हे म्हणणे आमच्याविरुद्ध लागू पडत नाही. शिवछत्रपतींच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, सावरकरांनी आणि माधव जूलियनांनी भाषाशुद्धीसाठी लेखणी झिजविली. तरी ‘दिरंगाई’ हा फारसीतून आलेला आणि ‘तहकूब’ हा अरबीतून आलेला शब्द आजही मराठीत मांडी घालून बसला आहे, आणि तो उठावा अशी आमची मुळीच इच्छा नाही. इंग्रजीचेही तसेच. ‘लालफितीचा कारभार’ हा उघडउघड इंग्रजीचा अनुवाद आहे. पण फितीने बांधलेली कागदपत्रे आपल्या कचेऱ्यांतही होती, ती सुटेपर्यंत लोकांनी उंबरे झिजविले होते; म्हणून तो अनुवाद ऐकताच कळला आणि रुजला. त्याहून चांगले उदाहरण नगरकडच्या कालव्यांवर मिळेल. तेथील शेतकरी ‘टेलला पाणी पोहोचले नाही’ असे सहज म्हणतो. कालव्याच्या किंवा चारीच्या अगदी शेवटच्या भागाला त्याने ‘टेल’ हा इंग्रजी शब्द दिला आहे, आणि त्या शब्दात त्याचे सारे दुःख नेमके मावते. वरच्यांनी पाणी घेतले, खालच्यापर्यंत आले नाही, हे त्या एका शब्दाने कळते. इंग्रजी न शिकलेल्या माणसाने घेतलेला हा इंग्रजी शब्द मराठी आहे; आणि इंग्रजी शिकलेल्या माणसाने घडविलेली ‘गोगलगायीची गती’ हे, तिच्यातील प्रत्येक अक्षर देवनागरी असूनही, इंग्रजी आहे. शब्द कोठून आला हा आमचा प्रश्न नाही. आल्यावर तो काम काय करतो, एवढेच आम्ही पाहतो.

आणि येथेच दुसरे, अधिक गंभीर कलम येते. अडलेल्या, लांबलेल्या, थांबत आलेल्या गोष्टींविषयी मराठीत किती शब्द आहेत याची मोजदाद करून पाहावी. जे ओढत ओढत कसेबसे चालते ते रखडते. जे कोणाची तरी वा कशाची तरी वाट पाहत राहते ते खोळंबते. वाटेत कोणी आडवे आले म्हणजे अडते. पुढचा मार्ग बुजल्यामुळे मागे साचते ते तुंबते. चिखलात चाक जाते तेव्हा गाडे रुतते. करणाऱ्याच्याच मनात घाई नसते तेव्हा काम रेंगाळते. वाढण्याचे बळच संपते तेव्हा वाढ खुंटते. निर्णयच कोणी घेत नाही तेव्हा घोंगडे भिजत पडते. आणि या साऱ्यांत जे दारात उभे राहून वाट पाहतात ती माणसे ताटकळतात. हे शब्द एकमेकांचे जुळे भाऊ नव्हेत. प्रत्येकाच्या पोटात थांबण्याचे निराळे कारण आहे. ‘रखडले’ म्हटले की पैशाची वा माणसांची ओढाताण ध्यानात येते. ‘अडले’ म्हटले की अडविणारा कोण हा प्रश्न आपोआप उठतो. ‘खोळंबले’ म्हटले की कशासाठी, असे विचारावेसे वाटते.

आपल्या वाक्प्रचारांची मोडणी तर याहूनही बोलकी आहे. घोडे कोठे पेंड खाते? माशी कोठे शिंकली? पाणी कोठे मुरते? गाडे कोठे अडले? पाहा, प्रत्येकात ‘कोठे’ आहे. शतकानुशतके सावकाराच्या, पाटील-कुळकर्ण्याच्या आणि सरकारच्या दारात कामे अडलेली पाहिलेल्या समाजाने आपल्या बोलण्यात हा ‘कोठे’ रुजविला. थांबलेली गोष्ट दिसली की मराठी माणूस ती किती हळू चालली आहे हे मोजीत बसत नाही. ती कोठे अडली हे विचारतो. ‘गोगलगायीची गती’ या ‘कोठे’ला हद्दपार करते. ती फक्त ‘किती’ सांगते, आणि तेही अगदी मोघम. शिवाय ती एक मोठी सफाई करते: मंदता हा गोगलगायीचा स्वभावच असल्यामुळे तिच्यावर रागावण्याचे कोणास कारण उरत नाही. विंचू नांगी मारतो, पोपट बोलतो, गोगलगाय हळू चालते. त्यात दोष कोणाचा? जे काम माणसांनी केले नाही ते निसर्गनियमाने झाले नाही, असे सुचविणारी ही उपमा आहे. म्हणून ती कामे अडविणाऱ्यांच्या फार सोयीची आहे, आणि म्हणूनच त्यांची निवेदने छापणाऱ्यांच्या लेखणीला ती इतकी सवयीची झाली आहे.

हे सारे हवेतले बोलणे वाटू नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. अहमदनगर जिल्हा, ज्याचे अधिकृत नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तो मुख्यत्वे पर्जन्यछायेचा मुलूख. पश्चिमेस अकोले तालुक्यातील सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळतो. तेथून निघालेली प्रवरा पूर्वेकडे जाते तसतसे आकाश कोरडे होत जाते. या नदीवर भंडारदऱ्याला धरण बांधण्याचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली ते पुरे झाले. मध्ये एक महायुद्ध येऊन गेले, राज्य परक्यांचे होते, तरी सोळा वर्षांत धरण उभे राहिले. त्याच नदीवर, भंडारदऱ्याच्या खाली, निळवंडे येथे जे धरण आहे त्याची कल्पना १९७० साली पुढे आली. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण झाले ते २६ ऑक्टोबर २०२३ रोजी, शिर्डीस, पंतप्रधानांच्या हस्ते. मध्ये गेलेली वर्षे त्रेपन्न. कालव्याची लांबी ८५ किलोमीटर, लाभाची गावे १८२, तालुके सात: सहा नगर जिल्ह्यातले आणि एक नाशिक जिल्ह्यातला. लोकार्पणाच्या वेळी सांगितलेला खर्च सुमारे ५१७७ कोटी रुपये.

आता या त्रेपन्न वर्षांचे वर्णन ‘गोगलगायीच्या गतीने’ असे केले, तर वाचकाला काय कळले? काहीही नाही. मराठीत सांगून पाहू. धरण आधी म्हाळादेवीला व्हायचे होते. ज्यांच्या जमिनी बुडणार त्यांचा विरोध झाला, जागा बदलली. तोवर घोंगडे भिजत पडले. पुढे विस्थापितांना जमिनी कोठे द्यायच्या याचा निकाल लागेना. तेथे काम अडले, आणि अडविणाऱ्यांची बाजू न्यायाची होती, कारण ज्याचे घर पाण्याखाली जाते त्याला आधी घर मागण्याचा हक्क आहे. मग निधी तुटपुंजा मिळू लागला. तेथे काम रखडले. पुढे भिंत उभी राहिली, पाणी साठू लागले, पण ते नेणारे कालवेच तयार नव्हते; तेव्हा धरण भरले आणि लाभ खोळंबला. अकोले तालुक्यातून कालवा जायचा त्या सुरुवातीच्या भागात शेतकऱ्यांनी जमीन फोडणाऱ्या उघड्या कालव्याऐवजी बंद नळातून पाणी न्या, अशी मागणी केली. तेथे पुन्हा अडले. आणि या सर्व काळात खालच्या कोरडवाहू गावांतील माणसे ताटकळली. ज्याने १९७० साली विशीत असताना ‘कालवा येणार’ हे ऐकले, त्याच्या गावच्या शिवारात पाणी यायला त्याची सत्तरी उलटली. जे तोवर जगले नाहीत त्यांच्यासाठी कोणत्याच भाषेत शब्द नाही.

एका प्रकल्पाचे थांबणे सांगायला भिजत पडणे, अडणे, रखडणे, खोळंबणे आणि ताटकळणे इतके शब्द लागले. आणि प्रत्येक शब्दाने एकेक दार दाखविले, ज्यावर जाऊन कोणास तरी जाब विचारता आला असता. पहिल्या दारात निर्णय घेणारे, दुसऱ्यात पुनर्वसन करणारे, तिसऱ्यात तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारे, चौथ्यात धरण आणि कालवे यांची कामे एकमेकांशी न जुळविणारे. इतकेच नव्हे, तर विस्थापितांचे अडविणे आणि कचेरीचे रखडविणे यांतील नैतिक अंतरही या शब्दांमुळेच दिसते. गोगलगाय आली की सारी दारे एकदम लागतात, आणि न्यायासाठी आडवा पडलेला गरीब व टिपणी दाबून बसलेला अधिकारी एकाच शंखात कोंबले जातात. आम्ही या उपमेस नुसती कुरूप म्हणत नाही. ती अन्यायकारक आहे असे म्हणतो.

बरे, अर्थ आणि न्याय क्षणभर बाजूस ठेवू. निदान गणित तरी बरोबर असावे! बागेतली साधी गोगलगाय मिनिटाला अर्धा मीटर चालते असे अगदी बेताचे मान धरू. ती न थांबता चालली तर दिवसाला ७२० मीटर होतात. निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे ८५ किलोमीटर तिने चार महिन्यांत संपविले असते. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या लोहमार्गाला १९९५ साली मंजुरी मिळाली. त्यातला अहमदनगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला २३ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे सत्तावीस वर्षांनी. आणि बीडच्या स्थानकात नगरची गाडी लागली ती २०२५ च्या सप्टेंबरात. गोगलगायीला आष्टी गाठावयास तीन महिने लागले असते आणि परळी वैजनाथाचे दर्शन तिने वर्षभरात घेतले असते. चालणे आणि रूळ टाकणे यांत अंतर आहे, हे आम्हांसही कळते. परंतु ज्यांनी गतीची उपमा दिली त्यांनीच ही तुलना ओढवून घेतली आहे. अशा कामांना गोगलगायीची गती म्हणणे ही टीका नव्हे, स्तुती आहे, आणि गोगलगायीची मात्र बदनामी आहे.

हाच न्याय ‘कासवगती’ला लावावा काय, असे कोणी विचारील. कासव आपल्याकडे इसापनीतीच्या वाटेने गेल्या दोन शतकांत शाळाशाळांतून आले आणि गोष्टीबरोबर आले, म्हणून रुजले. पण त्या गोष्टीतले कासव शेवटी पोहोचते, आणि सशाच्या आधी पोहोचते! ते हळू चालते पण थांबत नाही, हाच त्या गोष्टीचा उपदेश. तेव्हा जे काम थांबत थांबत चालते, आणि कोठे थांबले हे सांगत नाही, त्याला कासवाचे नाव देण्याआधीही लेखकाने क्षणभर विचार करावा. केवळ मंद पण अखंड चालीसाठी आपल्याला ‘मुंगीच्या पावलांनी’ हा शब्दप्रयोग आहेच. त्यात मंदतेबरोबर चिकाटीही आहे.

ही गोगलगाय आपल्या घरात शिरली कशी? तिला दार आपणच उघडले. बातमी आधी इंग्रजीत येते आणि तासाभरात तिची मराठी करावी लागते. करणाऱ्यास शब्दापुढे शब्द ठेवण्याइतकीच उसंत असते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ काढली तेव्हाही इंग्रजी वळणाची मराठी हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. त्याही आधी, १८४२ साली, याच नगर शहरात अमेरिकन मिशनने ‘ज्ञानोदय’ सुरू केले. परदेशातून आलेल्या त्या माणसांच्या पुस्तकी मराठीला आपले लोक हसत. पण ती माणसे निदान मराठी शिकत होती, तिच्याकडे येत होती. आपण तिच्यापासून निघालो आहोत आणि वाटेत तीच मराठी लिहीत आहोत. याच नगरशी ज्यांचा संसार जोडलेला होता त्या लक्ष्मीबाई टिळकांना इंग्रजी शिक्षणाचा गंध नव्हता. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली, आणि त्यांतल्या घरगुती, नेमक्या मराठीपुढे पदवीधरांनी माना तुकविल्या. याच जिल्ह्यात नेवाशास, प्रवरेच्याच काठी, शके १२१२ मध्ये म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ही गोष्ट तर आपण प्रत्येक भाषणाच्या आरंभी सांगतो. जी नदी त्या ग्रंथाची साक्षीदार, त्याच नदीच्या कालव्याचे दुखणे सांगताना आपल्याला उसन्या गोगलगायीची गरज पडावी, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंद आहे. पण दर्जा कागदावर राहतो आणि वाक्प्रचार तोंडात. तोंडातून गेलेला वाक्प्रचार कोणत्याही ठरावाने परत येत नाही. तो टिकविण्याचे काम सुशिक्षित कुटुंबांचे आहे, आणि ते अवघडही नाही. मुलाने ‘काम गोगलगायीच्या गतीने चालले आहे’ असे लिहिले तर त्याला रागे भरू नये. एवढेच विचारावे, ‘अरे, पण ते अडले कोठे?’ त्याला उत्तर शोधावे लागेल, आणि उत्तर सापडले की योग्य मराठी शब्द आपणहून हाती येईल. हाच प्रश्न वर्तमानपत्राच्या संपादकास पत्राने विचारावा, हाच व्यासपीठावरील पुढाऱ्यास उभे राहून विचारावा. ‘काम मंदावले आहे’ असे सांगून जो खाली बसू पाहतो, त्याला ‘रखडले, अडले, की तुंबले?’ एवढ्या तीन पर्यायांतून एक निवडावयास लावावे. त्याची जीभ जेथे अडखळेल तेथेच पाणी मुरते आहे असे खुशाल समजावे.

जी जनता अडण्याचे बारा प्रकार ओळखते तिला फसविणे कठीण असते. जिच्यापाशी एकच उसनी गोगलगाय उरते ती पन्नास वर्षे वाट पाहते आणि कोणाची वाट पाहत होतो हेही तिला सांगता येत नाही. तेव्हा त्या बिचाऱ्या प्राण्याला त्याच्या पानावर सोडून द्यावे, त्याची म्हण त्याच्यापाशी राहू द्यावी, आणि आपण आपला ‘कोठे’ परत घ्यावा.